रीफ टँकचे पाणी तपासताना: मॉनिटर कोठे हवा, टेस्ट किट कोठे पुरते

रीफ टँकचे, म्हणजे जिवंत प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाचे, पाणी तपासण्यासाठी इलेक्ट्रॉनिक मॉनिटर घ्यावा की हाताने करायच्या टेस्ट किटवर भागवावे, हे ठरवण्यापूर्वी कोणता घटक किती वेगाने बदलतो ते पाहावे. तापमान, पीएच आणि सॅलिनिटी (पाण्यातील मिठाचे प्रमाण) काही तासांत बिघडू शकतात, म्हणून त्यांच्यावर यंत्राची सततची नजर असावी. कॅल्शियम, मॅग्नेशियम, नायट्रेट आणि फॉस्फेट सहसा दिवसांच्या किंवा आठवड्यांच्या गतीने सरकतात आणि त्यांना किट पुरते. अल्कलिनिटी (पीएच घसरू न देण्याची पाण्याची क्षमता) या दोहोंच्या मध्ये येते. (मराठीत सॅलिनिटी आणि अल्कलिनिटी या दोन्हींना ‘क्षारता’ म्हटले जाते आणि त्यातून चुकीचे डोस दिले जाण्याची भीती असते, म्हणून येथे हे शब्द मुद्दाम तसेच ठेवले आहेत.)

मॉनिटरचे खरे मोल पीएचमध्ये कळते. दिवे सुरू असताना प्रवाळांतील शैवाल कार्बन डायऑक्साइड वापरते, रात्री ते थांबते पण श्वसन चालूच राहते, त्यामुळे दिवे लागण्यापूर्वी पीएच सर्वांत खाली असतो आणि दिवसाअखेरीस सर्वांत वर. ०.२ ते ०.३ चा हा चढउतार नेहमीचा आहे. रोज संध्याकाळी किटने ८.३ मोजून निश्चिंत राहणाऱ्याला पहाटेचा आकडा कधीच दिसत नाही, शिवाय रंगाच्या पट्टीवर ८.० आणि ८.२ यांतला फरक डोळ्यांना नीट ओळखताही येत नाही.

मात्र मॉनिटरच्या प्रोबचा (पाण्यात बुडवायच्या संवेदकाचा) आकडा दशांशात दिसतो म्हणून तो बरोबर असतोच असे नाही. पीएच प्रोब हळूहळू भरकटतो, त्यामुळे महिन्यातून एकदा पीएच ७ आणि १० च्या बफरमध्ये (पीएच ठाऊक असलेल्या द्रावणात) त्याचे कॅलिब्रेशन करावे, म्हणजे आकडा जुळवून घ्यावा. टँकचा पीएच या दोन आकड्यांच्या मध्ये येतो, म्हणून ४ चा बफर येथे उपयोगाचा नाही. वापरलेला बफर परत बाटलीत ओतू नये. प्रोबचे काचेचे टोक कोरडे पडू देऊ नये आणि ते आरओ पाण्यातही ठेवू नये, साठवणुकीच्या द्रावणातच ठेवावे. एवढे सांभाळूनही वर्ष-दोन वर्षांत प्रोब बदलावा लागतो, हा खर्च मॉनिटर घेतानाच हिशेबात धरावा.

सॅलिनिटीचा प्रोब पाण्याची विद्युतवाहकता मोजतो. २५ अंश सेल्सिअसला ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) समुद्री पाण्याची वाहकता सुमारे ५३ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर असते. प्रोबच्या खाचेत हवेचा एक बुडबुडा अडकला तरी आकडा खाली येतो आणि टँकधारक घाईने मीठ वाढवतो. म्हणून प्रोब संपमध्ये (टँकला जोडलेल्या खालच्या टाकीत) शांत पाण्यात, स्किमरच्या (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राच्या) फेसापासून दूर बसवावा, आणि आकडा अचानक घसरला तर आधी प्रोब हलवून बुडबुडा सोडवावा, मग रिफ्रॅक्टोमीटरने (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून सॅलिनिटी मोजणाऱ्या साधनाने) पडताळावे. रिफ्रॅक्टोमीटरही केवळ आरओ पाण्यावर शून्य न करता ३५ पीपीटीच्या प्रमाण द्रावणावर (नेमके माप ठाऊक असलेल्या द्रावणावर) लावलेला असावा.

अल्कलिनिटी आपोआप मोजणारी यंत्रे मिळतात, पण तीही आतून रसायन घालून टायट्रेशनच (ठरावीक बदल होईपर्यंत थोडेथोडे रसायन घालून केलेली मोजणी) करतात. रसायन संपले, नळीत हवा शिरली की त्यांचा आकडाही चुकतो. म्हणून हाताने टायट्रेशन नीट करता येणे प्रत्येकाला आवश्यक आहे, असे माझे ठाम मत आहे. बाटली आधी टँकच्याच पाण्याने विसळून घ्यावी. नमुना मोजताना सिरिंज डोळ्यांच्या रेषेत धरावी. रसायन भरल्यावर दट्ट्याखाली थोडी हवा दिसते, ती टोकाच्या पोकळीतली असते आणि तिने उत्तर बदलत नाही. बुडबुडा मात्र रसायनाच्या मध्यभागी असेल तर पुन्हा भरावे. पुढे एकेक थेंब सोडून प्रत्येक वेळी बाटली फिरवावी. रंग पालटायला लागला की घाई वाढते, आणि चूक नेमकी तेथेच होते. बाटलीमागे पांढरा कागद धरून, दररोज त्याच उजेडात, रंग पूर्ण पालटून स्थिर होईल तोच शेवट मानावा.

फॉस्फेटच्या बाबतीत साध्या रंगपट्टीवर मी विसंबत नाही, कारण ०.०३ आणि ०.०८ पीपीएममधला (दशलक्ष भागांतील भाग) फरक तीवर जवळपास दिसतच नाही. येथे हातात धरायचा फोटोमीटर (रंगाची तीव्रता प्रकाशाने मोजणारे यंत्र) घ्यावा, कोरी (रसायन न घातलेली) आणि रसायन घातलेली अशी दोन्ही मापे त्याच बाटलीत घ्यावीत, आणि प्रत्येक वेळी काचेवरचे बोटांचे ठसे पुसावेत.

यंत्र आणि किट यांचे आकडे जुळले नाहीत तर त्यांची सरासरी काढू नये. दोन्हींनी एकच प्रमाण द्रावण मोजावे. जे चुकते त्याचे कॅलिब्रेशन करावे किंवा रसायनाची मुदत पाहावी. तोपर्यंत डोस बदलू नये. अल्कलिनिटी खरोखरच कमी असल्याचे निश्चित झाल्यास ती दिवसाला १ डीकेएचपेक्षा (डीकेएच हे अल्कलिनिटीचे एकक) जास्त वाढवू नये आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, पुढचा डोस देण्यापूर्वी, पुन्हा मोजावी.