टॉर्चच्या झोतात दिसलेली धूळ

काम संपलं की झाडून घ्यायचं, झालं लाकूडकामाचं वर्कशॉप स्वच्छ, असं मी बरीच वर्षं समजत होतो. एकदा दिवा मालवून टॉर्च आडवा धरला, तर झोतात धूळ तरंगत होती. सँडिंग (लाकूड घासून गुळगुळीत करणं) थांबवून तास उलटला होता! भुसा खाली बसतो. १० मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण मात्र तासन्‌तास हवेत राहतात आणि थेट छातीत उतरतात. लाकडाची धूळ कर्करोगकारक आहे हे वाचल्यावर तर झोपच उडाली.

दोष सँडरला, म्हणजे घासायच्या मशीनला, जोडलेल्या व्हॅक्यूममध्ये निघाला. त्याचा साधा फिल्टर भुसा अडवायचा, पण बारीक धूळ मागून पुन्हा खोलीत सोडायचा. हेपा फिल्टर लावला (०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा), तर तो दोन दिवसांत चोंदला. मग सँडर आणि व्हॅक्यूमच्या मध्ये सायक्लोन बसवला. त्यात हवा गरगर फिरते, जड भुसा कडेला फेकला जाऊन खालच्या बादलीत पडतो. तरी आठवडाभर बादली रिकामीच! झाकणाला बारीक फट होती. तिथून हवा आत शिरून भुसा वर ओढत होती. कडेने रबरी पट्टी चिकटवली आणि बादली भरू लागली.

झाडू कायमचा बंद केला, तो बसलेली धूळ पुन्हा उडवतो. एन९५ मास्क अजूनही लावतो, आणि सँडिंगनंतर अर्धा तास तरी काढत नाही.