पाण्याच्या मॉडेल्सची तुलना करताना या चुका टाळा

संगणकावर पाण्याच्या रेणूंच्या हालचालींचे सिम्युलेशन करताना रेणूचे वर्णन टीआयपी३पी, एसपीसी/ई अशा ठरावीक मॉडेल्सनी केले जाते. टीआयपी३पी मॉडेल वापरून काढलेला पाण्याचा विसरण गुणांक (रेणू किती वेगाने पसरतात त्याचे माप) ५ च्या पुढे गेला, की नवखा संशोधक सर्वप्रथम आपल्या इनपुट फाइलीत दोष शोधू लागतो. (या लेखातले विसरण गुणांक १० चा उणे ९ वा घात, चौरस मीटर प्रतिसेकंद या एककात आहेत, प्रयोगात २५ अंश सेल्सिअसला मिळणारा आकडा २.३ आहे.) प्रत्यक्षात दोष फाइलीत नसतो. टीआयपी३पीचे पाणी खऱ्या पाण्याच्या दुपटीहून अधिक वेगाने पसरते आणि त्याची श्यानता ०.८९ ऐवजी ०.३२ मिलिपास्कल-सेकंदच्या आसपास येते, हा त्या मॉडेलचा स्वभाव आहे. याउलट, एसपीसी/ई मॉडेलने गुणांक ५ दिला, तर मात्र चूक नक्की आपली आहे. असा फरक ओळखता येण्यासाठी मॉडेलकडे केवळ प्रभार, बंधलांबी आणि कोन यांचा तक्ता म्हणून पाहून चालत नाही. ते कोणत्या कटऑफसह (ज्या अंतरापलीकडची बले थेट मोजत नाहीत ते अंतर) घडवले गेले, कोणत्या गुणधर्मांशी जुळवले गेले आणि कोणत्या फोर्स फील्डसोबत (रेणूंमधल्या बलांची सूत्रे आणि आकडे यांचा संच) वापरण्यासाठी तयार झाले, हा सारा इतिहास मॉडेलचाच भाग असतो. तुलनेतल्या बहुतेक चुका हा इतिहास बाजूला ठेवल्यामुळे होतात.

नाव एकच, मॉडेल वेगळे

१९८३ साली प्रसिद्ध झालेल्या मूळ टीआयपी३पीमध्ये लेनार्ड-जोन्स बल (अणूंना फार जवळ आल्यास ढकलणारे आणि थोड्या अंतरावर ओढणारे, प्रभारांखेरीजचे बल) फक्त ऑक्सिजनवर आहे. चार्म फोर्स फील्डसोबत वापरल्या जाणाऱ्या टीआयपी३पीमध्ये मात्र हायड्रोजनवरही लहानसे लेनार्ड-जोन्स पद आहे. दोन्हींचे प्रभार सारखेच, म्हणजे ऑक्सिजनवर उणे ०.८३४ आणि प्रत्येक हायड्रोजनवर ०.४१७, असल्यामुळे वरवर पाहणाऱ्याला फरक दिसत नाही. म्हणून अहवालात केवळ ‘टीआयपी३पी’ असे लिहिणे पुरेसे नाही. कोणते टीआयपी३पी, हे स्पष्ट लिहावे.

दुसरी चूक आकडे एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेताना होते. काही फोर्स फील्ड्स लेनार्ड-जोन्सचे अंतर सिग्मा म्हणून, म्हणजे ऊर्जा शून्य होते ते अंतर, देतात, तर काही ऊर्जा किमान असते ते अंतर, किंवा त्याचे निम्मे, देतात. टीआयपी३पीच्या ऑक्सिजनसाठी सिग्मा ३.१५०६ अँगस्ट्रॉम आहे, तर किमान ऊर्जेच्या अंतराचे निम्मे १.७६८२ अँगस्ट्रॉम आहे. पूर्ण किमान-अंतर सिग्माच्या जागी लिहिले गेले, तर रेणूचे माप सुमारे १२ टक्क्यांनी फुगते आणि घनता कोसळते. निम्मे लिहिले गेले, तर रेणू एकमेकांत घुसतात आणि सिम्युलेशन पहिल्या काही पावलांतच कोलमडते. दुसरा प्रकार त्यातल्या त्यात बरा, कारण तो लपत नाही.

चार बिंदूंच्या, म्हणजे तीन अणूंखेरीज एक जादा बिंदू असलेल्या, मॉडेल्समध्ये अधिक सावध राहावे लागते. टीआयपी४पी/२००५मध्ये ऋण प्रभार ऑक्सिजनवर नसून कोनदुभाजकावर, ऑक्सिजनपासून ०.१५४६ अँगस्ट्रॉम अंतरावरच्या वस्तुमानरहित बिंदूवर असतो. ग्रोमॅक्स या सिम्युलेशन प्रोग्रॅमच्या फाइलीत हा बिंदू वेगळा लिहिलेला दिसतो आणि ऑक्सिजनचा प्रभार शून्य दिसतो. लॅम्प्स या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये मात्र हा बिंदू फाइलीत लिहायचा नसतो, उणे १.११२८ हा प्रभार ऑक्सिजनच्या ओळीत लिहिला जातो आणि टीआयपी४पीसाठीची विशेष आज्ञा तो प्रभार आतल्या आत योग्य जागी सरकवते. ती आज्ञा विसरून नेहमीची तीन बिंदूंची आज्ञा दिली, तर प्रभार ऑक्सिजनवरच राहतो. गणित करून पाहिले, तर रेणूचे द्विध्रुव आघूर्ण (धन आणि ऋण प्रभार किती विभागले आहेत त्याचे माप) २.३०५ डिबाय ऐवजी ३.१३ डिबाय होते, म्हणजे आपण ज्याची तुलना करायला निघालो ते मॉडेल सिम्युलेशनच्या त्या आभासी पेटीत उरतच नाही. दूर पल्ल्याच्या विद्युत बलांच्या आज्ञेतही टीआयपी४पीचा प्रकार निवडावा लागतो. एकीकडे बदल करून दुसरीकडे विसरणे ही नेहमी घडणारी गोष्ट आहे.

या सगळ्यावर एक साधी तपासणी आहे आणि ती टाळू नये. २९८ केल्विन आणि १ बार दाबाला शुद्ध पाण्याची छोटी पेटी चालवून घनता पाहावी. एसपीसी/ई आणि टीआयपी४पी/२००५ यांची घनता ०.९९७ ते ०.९९८ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटरच्या आसपास, तर टीआयपी३पीची ०.९८च्या आसपास यायला हवी. त्यात ०.०१ पेक्षा अधिक फरक दिसला, तर तिथेच थांबून फाइल तपासावी.

पेटीचा आकार विसरण गुणांकात मिसळू देणे

विसरण गुणांकाची तुलना सर्वांत जास्त केली जाते आणि सर्वांत जास्त चुकीचीही तीच असते. आवर्ती सीमा असलेल्या, म्हणजे चहूबाजूंनी स्वतःच्याच प्रतिमांनी वेढलेल्या, पेटीत रेणू आपल्याच प्रतिमांशी द्रवाच्या प्रवाहातून जोडलेला असतो. त्यामुळे लहान पेटीत विसरण मंद होते. २००४ साली ये आणि हमर यांनी मांडलेली दुरुस्ती सर्वत्र वापरली जाते: पेटीत मिळालेल्या गुणांकात २.८३७ गुणिले बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान, भागिले ६ पाय गुणिले श्यानता गुणिले पेटीची बाजू, इतकी भर घालायची.

हे आकड्यांत पाहू. २.५ नॅनोमीटर बाजूच्या घनाकार पेटीत सुमारे ५२० रेणू मावतात. २९८ केल्विनला आणि ०.८५५ मिलिपास्कल-सेकंद या टीआयपी४पी/२००५च्या स्वतःच्या श्यानतेला ही भर सुमारे ०.२९ येते, म्हणजे मोजमापाच्या दहा टक्क्यांहून अधिक. त्याच पेटीत टीआयपी३पी चालवले, तर श्यानता ०.३२ असल्यामुळे भर सुमारे ०.७७ होते. इथेच चूक होते: दोन्ही मॉडेल्सना प्रयोगातली ०.८९ ही श्यानता लावली जाते आणि टीआयपी३पीची दुरुस्ती निम्म्याहून कमी राहते. दुरुस्तीत नेहमी मॉडेलची स्वतःची श्यानता घ्यावी. ती माहीत नसेल, तर तीन-चार वेगवेगळ्या आकारांच्या पेट्या चालवून, बाजूच्या व्यस्तासमोर गुणांक मांडून रेषा शून्यापर्यंत वाढवावी. माझ्या मते हा दुसरा मार्ग अधिक विश्वासाचा आहे, कारण त्यात आपल्याच आकड्यांची सुसंगती डोळ्यांसमोर तपासली जाते.

विसरण गुणांक ज्याच्या उतारावरून काढतात, त्या सरासरी वर्ग विस्थापनाचा (रेणू मूळ जागेपासून जितके दूर गेले त्या अंतराच्या वर्गाची सरासरी) आलेख काही काळानंतर वाढायचा थांबून आडवा झाला, तर कण पेटीच्या भिंतीवरून उलट बाजूला आणलेले असताना त्यांचे मार्ग न उलगडताच मोजमाप झाले आहे. आलेखाचा अगदी सुरुवातीचा, रेणू अजून न धडकता सरळ जात असतानाचा भाग रेषेत धरला गेला, तर उतार चुकतो. थर्मोस्टॅटही (तापमान ठरावीक ठेवणारी पद्धत) तपासावा: लॅन्जेव्हिन थर्मोस्टॅटमध्ये घर्षण जास्त ठेवले, की विसरण मंदावते, आणि मग मॉडेलचा दोष कोणता व थर्मोस्टॅटचा कोणता हे सांगता येत नाही. विसरण मोजताना स्थिर ऊर्जेचे सिम्युलेशन किंवा सौम्य थर्मोस्टॅट वापरावा, आणि तुलनेतल्या प्रत्येक मॉडेलसाठी तोच ठेवावा.

बाष्पीभवनाच्या ऊर्जेतली विसरलेली दुरुस्ती

एसपीसी/ईच्या द्रव ऊर्जेवरून बाष्पीभवनाची ऊर्जा थेट काढली, तर ती सुमारे ४९ किलोज्यूल प्रतिमोल येते, तर प्रयोगात ती ४४ आहे. यावरून मॉडेल वाईट ठरवले जाते. पण १९८७ साली हे मॉडेल मांडतानाच द्रवातल्या रेणूचे ध्रुवीकरण होण्याची किंमत म्हणून ५.२२ किलोज्यूल प्रतिमोल इतकी दुरुस्ती धरलेली आहे. ती वजा केली, की आकडा जागेवर येतो. टीआयपी४पी/२००५मध्येही अशीच दुरुस्ती धरलेली आहे, टीआयपी३पी आणि मूळ टीआयपी४पी यांच्यात मात्र नाही. म्हणून चारही मॉडेल्सच्या ऊर्जा एकाच रकान्यात, दुरुस्तीविना, मांडणे अन्यायाचे आहे.

जे जुळवले, त्याचेच कौतुक करणे

२०१४ सालच्या ओपीसी मॉडेलचा डायलेक्ट्रिक स्थिरांक (पाणी विद्युत क्षेत्र किती क्षीण करते त्याचे माप) प्रयोगातल्या ७८.४ला जुळतो, तर टीआयपी४पी/२००५चा ६०च्या खाली राहतो. परंतु ओपीसी घडवतानाच हा स्थिरांक लक्ष्य म्हणून घेतला होता. टीआयपी४पी/२००५ घडवताना बर्फाच्या अवस्था आणि कमाल घनतेचे तापमान यांवर भर होता. म्हणूनच त्याचे कमाल घनतेचे तापमान २७८ केल्विन येते, खऱ्या पाण्याच्या २७७च्या अगदी जवळ. मॉडेलची खरी परीक्षा जुळवणीत न घेतलेल्या गुणधर्मावर होते, त्यामुळे तक्त्यात प्रत्येक आकड्यापुढे तो जुळवलेला की भाकीत केलेला, हे नोंदवावे. डायलेक्ट्रिक स्थिरांक पेटीच्या एकूण द्विध्रुवाच्या चढउतारांवरून येतो आणि तो फार सावकाश स्थिरावतो. चालू सरासरीचा आलेख शेवटच्या अर्ध्या भागात सपाट झालेला नसेल, तर तो आकडा छापू नये.

एकच तापमान म्हणजे समान परिस्थिती नव्हे

सामान्य बर्फाचा द्रवणांक टीआयपी३पीमध्ये सुमारे १४६ केल्विन, एसपीसी/ईमध्ये २१५, टीआयपी४पी/२००५मध्ये २५२ आणि टीआयपी५पीमध्ये २७४ केल्विन आहे. साहजिकच २५० केल्विनला या चौघांची तुलना केली, तर एक मॉडेल आपल्या द्रवणांकापेक्षा शंभर अंश वर आणि दुसरे त्याच्या किंचित खाली असते. दिसणारा फरक रेणूंच्या वर्णनाचा आहे की द्रवणांकापासूनच्या अंतराचा, हे वेगळे करता येत नाही. थंड पाण्याचा अभ्यास असेल, तर खोलीच्या तापमानाबरोबर प्रत्येक मॉडेलच्या द्रवणांकापासून समान अंतरावरही तुलना करावी. तसेच, २३० केल्विनला काही नॅनोसेकंदांत पाणी गोठले नाही, म्हणून द्रवणांक त्याहून खाली आहे, असे म्हणू नये. बर्फाचे बीज तयार व्हायला लागणारा काळ त्यापेक्षा पुष्कळ मोठा असतो. द्रवणांक काढायचा असेल, तर पेटीत बर्फ आणि पाणी शेजारी ठेवून कोणती अवस्था वाढते ते पाहावे.

काही छोट्या, पण महागात पडणाऱ्या गोष्टी

ही सर्व मॉडेल्स दृढ, म्हणजे बंधलांबी आणि कोन न बदलणाऱ्या, रेणूंची आहेत. ऊर्जा किमान करताना लवचीक पाण्याची सूचना दिली जाते आणि ती मुख्य सिम्युलेशनमध्ये तशीच राहून जाते. ओ-एच बंधाचे कंपन सुमारे १० फेम्टोसेकंदांचे असल्यामुळे २ फेम्टोसेकंदांचे पाऊल त्याला झेपत नाही, आणि तापमान वर चढताना दिसते. पृष्ठताण मोजताना कटऑफबाहेरची दुरुस्ती एकसंध द्रवासाठीची असते, ती पाणी आणि बाष्प यांच्या सीमेवर लागू पडत नाही. तिथे लेनार्ड-जोन्स बलांचीही दूर पल्ल्याची बेरीज करावी.

क्षार किंवा प्रथिन पाण्यात टाकायचे असेल, तर आयनांचे आकडे पाण्याशी बांधलेले असतात, हे ध्यानात ठेवावे. २००८ साली जोंग आणि चीथम यांनी टीआयपी३पी, टीआयपी४पी-ईडब्ल्यू आणि एसपीसी/ई यांच्यासाठी आयनांचे तीन वेगळे संच दिले, ते याच कारणाने. टीआयपी३पीसाठीचा सोडियम एसपीसी/ईच्या पेटीत टाकून ‘पाणी बदलल्यामुळे क्षार लवकर एकत्र येऊ लागला’ असा निष्कर्ष काढला, तर त्यात पाण्याचा वाटा किती आणि न जुळणाऱ्या आयनाचा किती, हे कोणत्याही विश्लेषणाने नंतर शोधता येत नाही. ते सिम्युलेशन पुन्हा, त्या पाण्याच्या संचासह, चालवावे लागते.