टीम बांधताना या चुका टाळा: दोन हिऱ्यांच्या नादात बाकीचे चोवीस विसरू नका

नोव्हेंबर लागला, अमेरिकन बेसबॉलची फायनल म्हणजे वर्ल्ड सिरीज संपली की आमच्या मित्रांमधले हौशी जीएम (जनरल मॅनेजर, टीम बांधणारे) जागे होतात. याला घ्या, त्याला विका, अमुक पिचर (आपल्या भाषेत बोलर) आला की पुढच्या वर्षी आपणच. त्यातले निम्मे आयपीएलचं ऑक्शन बघून बेसबॉलकडे आलेले, त्यामुळे त्यांना वाटतं दोन मोठी नावं उचलली की टीम झाली. मी २०१२ पासून कॅलिफोर्नियातल्या अर्वाइनला राहतो आणि इथल्या एंजल्स टीमचा फॅन आहे, म्हणजे टीम कशी बांधू नये याचं शिक्षण मी घरापासून पंधरा मिनिटांवर, पार्किंगचे पैसे भरून घेतलंय. तेच तेच तोंडी सांगून कंटाळा आला म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात लाडकी चूक म्हणजे टीम वरून खाली बांधायची. २०१८ ते २०२३ असे सहा सीझन एंजल्सकडे माइक ट्राउट आणि शोहेई ओहतानी दोघंही होते, एकाच ड्रेसिंग रूममध्ये, आणि या सहा सीझनमध्ये एकदाही जिंकलेल्या मॅचेस हरलेल्या मॅचेसपेक्षा जास्त झाल्या नाहीत. एकदाही नाही! ट्राउटच्या अख्ख्या करिअरमधल्या प्लेऑफच्या मॅचेस किती, तर तीन, २०१४ च्या, आणि तिन्ही हरलेल्या.

२०२२ च्या जूनमध्ये बाबा सांगलीहून आले होते. मी मोठ्या हौसेने त्यांना मॅचला नेलं, ८ जूनची बॉस्टन रेड सॉक्सविरुद्धची. त्या सीझनला एंजल्सची सुरुवात झकास झालेली, २७ जिंकलेल्या, १७ हरलेल्या, आणि मग ओळीने १३ हरले. मॅनेजर जो मॅडनला आदल्याच दिवशी काढलं होतं. हरण्याचा शाप तुटावा म्हणून त्या रात्री प्रत्येक बॅटर मैदानात येताना निकेलबॅक बँडचं गाणं लावत होते, यावरून परिस्थिती समजून घ्या. बाबा गार्लिक फ्राइज खात शांतपणे बघत होते. ओहतानी आउट होऊन डगआउटमध्ये गेला तर म्हणाले, "अरे, आता हा परत कधी?"

म्हटलं, "बाबा, नऊ जण फिरून आले की मग त्याचा नंबर."

"म्हणजे विराट टिकला तर दिवसभर खेळतो तसं याला नाही चालत?"

"नाही."

"मग बाकीच्या आठांचं काय?"

काय सांगणार कप्पाळ. मॅच १-० ने हरलो, सलग चौदावी. स्टेडियमचा तो मोठा लाल ए आहे ना, त्याच्यावरचं तेजोवलय टीम जिंकली की पेटतं, बाबांना ते बघायचं होतं ते राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी ओहतानीने स्वतःच सात इनिंग पिचिंग केली, स्वतःच होमरन मारली आणि एकदाची मॅच जिंकून दिली, पण तो आठवड्यातून एकदाच पिचिंग करतो, बाकीच्या दिवशी कोण, हाच तर प्रश्न होता.

जी गोष्ट सांगलीच्या रिटायर्ड माणसाला तीन इनिंगमध्ये कळली ती नवीन फॅन्सना तीन सीझन कळत नाही. बेसबॉलमध्ये तुमचा कोहिनूर मॅचमध्ये चार-पाच वेळाच बॅटिंगला येतो, मग तो कोणीही असो. पंगतीत जिलबी भरपूर आणि वरणभाताचा पत्ता नाही असं झालं तर लोक उपाशीच उठणार.

आता लगेच कोणीतरी म्हणेल की डॉजर्सनी तेच केलं की, ओहतानीला ७० कोटी डॉलर दिले आणि कप नेले. अरे पण त्यांनी आधी काय करून ठेवलं होतं ते बघा ना. मॅक्स मन्सीला ओकलंडने २०१७ मध्ये सोडून दिलं होतं, डॉजर्सनी उचलला. जस्टिन टर्नर मेट्सला नको होता. क्रिस टेलर मॅरिनर्सकडून जवळजवळ फुकटात आला. वर्षानुवर्षं असली माणसं गोळा करून तळ भरला आणि मग वर कळस चढवला. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजची सातवी मॅच आठवा, नवव्या इनिंगमध्ये एका रनने मागे, आणि बरोबरी साधणारी होमरन कोणाची, तर ३६ वर्षांच्या मिगेल रोहासची. ओहतानीची नाही, फ्रीमनची नाही, बेट्सची पण नाही.

यावर माझी सवय सांगतो, पद्धत वगैरे म्हणू नका. मार्चएंडला २६ जणांचं रोस्टर, म्हणजे टीमची यादी, जाहीर झालं की मी ते एका कागदावर काढतो आणि वरच्या पाच नावांवर चहाचा कप ठेवतो. उरलेलं वाचायचं. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला फिल्डर) उद्या घोटा मुरगळून बसला तर कोण? सहावा, सातवा, आठवा स्टार्टर, म्हणजे मॅच सुरू करणारा पिचर, कोण, कारण १६२ मॅचेस पाचच स्टार्टर्सवर काढल्या असं जवळपास कधी होतच नाही. ४० जणांच्या यादीत जे खालच्या लीगमध्ये, ट्रिपल-एमध्ये आहेत त्यांच्यातल्या किती जणांचे ऑप्शन शिल्लक आहेत, म्हणजे वेव्हर्सच्या (सोडलेला खेळाडू दुसरी टीम उचलू शकते त्या) भानगडीत न पडता वरखाली नेता येतील? हे वाचताना जांभई येत असेल तर तुम्ही हायलाइट्सच बघा, रोस्टरवर मतं देऊ नका. कप उचलायचा तो शेवटी. २०१९ नंतर एंजल्सच्या कागदावरचा चहाचा कप उचलल्यावर नेहमीच बरं वाटायचं आणि बाकीचा कागद बघून नेहमीच वाईट, बडा घर पोकळ वासा.

दुसरी चूक माझी स्वतःची, त्यामुळे जरा जास्तच जिव्हाळ्याची. जखमी आहे म्हणून स्वस्तात मिळतोय, घेऊन टाकू! आमची बारा जणांची फँटसी लीग आहे, प्रत्येकाला २६० खोटे डॉलर, त्यात २३ खेळाडू घ्यायचे. २०२२ चं ऑक्शन मार्चच्या शेवटच्या रविवारी एका मित्राच्या गॅरेजमध्ये, मिसळ वगैरे. फर्नांडो टाटीसचं मनगट मोडलेलं सगळ्यांना माहीत होतं, तीनेक महिने बाहेर. कोणी बोली लावेना. मी १४ डॉलरमध्ये उचलला आणि अख्ख्या गॅरेजकडे असं बघितलं की जणू तुम्ही सगळे वेडे. मग त्याच उत्साहात पिचर जेकब डिग्रॉम ३८ ला. तो आदल्याच वर्षी अर्धा सीझन बाहेर होता, पण फिट असला की त्याच्यासारखा कोणी नाही ना. हे "फिट असला की" म्हणणारा माणूस ऑक्शनमध्ये दिसला की त्याच्या हातातून पाटी काढून घ्यावी असं माझं आता मत आहे.

पाच दिवसांनी बातमी, डिग्रॉमच्या खांद्याच्या हाडाला त्रास, महिनाभर बॉल फेकायचाच नाही. तो उगवला २ ऑगस्टला. मी म्हटलं चला, आता टाटीस पण येईल, दोघं मिळून शेवटचे दोन महिने धुमाकूळ घालतील. १२ ऑगस्टला टाटीस बंदी असलेल्या औषधाच्या टेस्टमध्ये सापडला आणि ८० मॅचेससाठी सस्पेंड. त्या सीझनमध्ये तो मेजर लीगची एकही मॅच खेळला नाही. खरी गंमत पुढेच आहे. या दोघांच्या जागी खेळवायला माझ्याकडे कोण होतं, तर एक-एक डॉलरवाली आठ माणसं, कारण "नंतर वेव्हर्सवरून उचलू की". मेमध्ये वेव्हर्सवर गेलो तर चांगली माणसं आधीच गेलेली, बैल गेला नि झोपा केला. मी अकरावा आलो. बारावा जो आला तो जूनमध्ये पासवर्ड विसरला होता.

आणि जिंकलं कोण, तर आमचा नागपूरचा मित्र. त्याने कोणाचंही नाव घेतलं की समोरून हमखास "कोण?" असा आवाज यायचा. रोज खेळणारी, बोअर, कधी व्हिडिओत न दिसणारी माणसं. पहिला अर्धा तास त्याने तोंडच उघडलं नव्हतं, मिसळ खात होता. आता मीपण पहिला अर्धा तास बोली लावत नाही, फोन खिशात आणि हात पावाला.

याचाच थोरला भाऊ म्हणजे गेलेल्या काळाचे पैसे मोजणं. मेजर लीगमध्ये सहा वर्षं सर्व्हिस झाल्याशिवाय फ्री एजंट (कुठल्याही टीमकडे जायला मोकळा) होता येत नाही, त्यामुळे बहुतेक जण बाजारात येतात तेव्हा तिशी दारात उभी असते. म्हणजे त्याने दुसऱ्याच्या जर्सीत जे करून दाखवलं त्याची किंमत तुम्ही देता. अल्बर्ट पुहोल्स कार्डिनल्सकडे तीनदा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू), ३१ व्या वर्षी एंजल्सनी १० वर्षांचे २४ कोटी दिले, कॉन्ट्रॅक्टच्या शेवटच्या सीझनच्या मे महिन्यात सोडून दिला. अँथनी रेंडन २०१९ ला वॉशिंग्टनला कप जिंकून देऊन आला, ७ वर्षांचे साडेचोवीस कोटी, आणि एंजल्सकडे कुठल्याच सीझनमध्ये ५८ पेक्षा जास्त मॅचेस नाहीत. दुखापती काय कोणी हौसेने करत नाही, तो भाग वेगळा. पण मी कॉन्ट्रॅक्टची बातमी आली की आकडा बघत नाही, शेवटच्या वर्षी त्याचं वय किती असेल तेवढंच लिहून ठेवतो. ३७ च्या वर गेलं की माझ्याकडून नाही. अपवाद मला माहीत आहेत, सांगू नका.

जुलैअखेरच्या ट्रेड डेडलाइनला, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीच्या शेवटच्या तारखेला, जी घबराट होते तिचं उदाहरण परत आमच्याच घरातलं. २०२३ ला ओहतानीचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं, तो विकून चांगली तरुण पोरं मिळाली असती. एंजल्सनी तो ठेवला, वर एडगर केरो हा तरुण कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखा) आणि एक पिचर देऊन शिकागो व्हाइट सॉक्सकडून लुकास जिओलिटो आणि रेनाल्डो लोपेझ आणले. महिन्याभरात टीम कोसळली, आणि ऑगस्टअखेर पगार वाचवायला त्याच दोघांना वेव्हर्सवर टाकलं, क्लीव्हलंडने नुसता पगार भरून उचलले. सीझन ७३-८९. डिसेंबरमध्ये ओहतानी डॉजर्सकडे आणि हातात काय, तर ड्राफ्टचा, म्हणजे नवीन पोरं निवडायच्या फेरीतला, एक जादा पिक. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हे. याच्या आधी २०१८ च्या डेडलाइनला पायरेट्सनी क्रिस आर्चरसाठी टायलर ग्लासनाव, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ असे तीन जण टँपा बेला दिलेत, तेव्हा एंजल्स एकटेच नाहीत एवढंच समाधान.

बाकीच्या चुका भरभर. पिचरच्या नावावर जिंकलेल्या मॅचेस मोजू नका, २०१८ ला डिग्रॉमचा हिशोब १०-९ होता आणि ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेले रन) १.७०, सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्यालाच मिळाला. बुलपेनवर, म्हणजे मॅचच्या मध्येच येणाऱ्या पिचर्सवर (रिलीव्हर्सवर), लांब मुदतीचे पैसे उधळू नका, कोलोराडो रॉकीजनी २०१७ च्या डिसेंबरमध्ये तीन रिलीव्हर्सवर १० कोटी ६० लाख लावले आणि त्यातल्या वेड डेव्हिसचा २०१९ चा ईआरए ८.६५. एका ऑक्टोबरमध्ये तापलेल्या बॅटरला पाच वर्षं देऊ नका. सगळे ड्राफ्ट पिक एकाच प्रकारात घालू नका, एंजल्सनी २०२१ मध्ये २० पैकी २० पिचर घेतले, मी हसलो नव्हतो.

मुद्दाम हरून, ड्राफ्टमध्ये वरचे पिक मिळवून वर यायचा शॉर्टकट तर मला बघवत नाही. ह्युस्टन २०११ ते २०१३ मध्ये ओळीने १०६, १०७, १११ मॅचेस हरले आणि २०१७ ला वर्ल्ड सिरीज जिंकले, हे एक उदाहरण घेऊन सगळे नाचतात. व्हाइट सॉक्सनीपण सगळं पाडून नव्याने बांधायला घेतलं होतं, २०२४ ला १२१ हरले. आणि ओकलंडची २००२ ची टीम म्हणजे भंगारातून केलेली कमाल असं जो म्हणतो त्याला विचारा, टीममध्ये हडसन, मल्डर, झिटो, तेहादा होते ना? त्या वर्षी झिटोला साय यंग, तेहादाला एमव्हीपी. स्वस्त होते, सामान्य नव्हते.

शेवटची गोष्ट, जी कोणीच लिहीत नाही. दुसऱ्या कॅचरकडे बघा. रोज उकिडवं बसून १६२ मॅचेस कोणाचे गुडघे काढणार, चाळीस-पन्नास मॅचेस तर तो दुसराच खेळतो, आणि लोक त्याला एक्स्ट्रा समजतात. गेल्या रविवारी बाबांचा फोन आला होता, त्यांना आता सगळं कळतं. एंजल्सनी कोणाला घेतलं यावर मी दहा मिनिटं बोललो. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते असू दे रे, तो कॅचर पोरगा कुठंय, जो देऊन टाकलात तो?" म्हटलं, शिकागोत खेळतोय, बाबा.