पुढच्या दहा वर्षांचं लाकूड हवंय? मग या चुका टाळा

नाशिकजवळ अंबडला माझा पॅलेट (माल रचून ठेवायच्या लाकडी चौकटी) आणि पॅकिंगच्या पेट्यांचा छोटा कारखाना आहे. आठवड्यातून एकदा तरी कुणाचा फोन येतोच, "माल आहे का कुठे?" लाकूड संपल्यावर शोधायला निघणं ही आपल्या धंद्यातली सगळ्यात महागडी चूक. गांधीधामहून येणारं परदेशी पाईनचं लाकूड डॉलर आणि जहाजाच्या भाड्याबरोबर वरखाली होतं. सरकारी जंगलाकडे तर बघूच नका. उद्योगांनी आपला कच्चा माल शक्यतो शेतकऱ्यांशी थेट संबंध जोडून उभा करावा, असं १९८८ च्या राष्ट्रीय वनधोरणातच लिहिलंय. आपलं उद्याचं लाकूड दिंडोरी, निफाड, पेठच्या बांधांवर वाढणार आहे, पण आज कुणीतरी ते लावलं तरच.

लावतानाही घाई नडते. मलबार नीम झपाट्याने वाढतो हे खरं, पण पाणी आणि खोल माती असेल तिथेच. येवला-नांदगावच्या मुरमाड कोरडवाहूत तो खुरटतो. सागाच्या मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही, त्यामुळे इगतपुरीच्या भाताच्या खाचरात तो लावू नका. रोप घेताना बियाणं कुठल्या झाडाचं, हे नर्सरीवाल्याला विचारा. सांगता येत नसेल तर रोप घेऊ नका.

दाट लावून विसरण्याची चूक मी स्वतः केली. नातेवाइकाच्या शेतात पाच-पाच फुटांवर निलगिरी लावली. सातव्या वर्षी बघतो तर झाडं काठीसारखी सरळ आणि बारीक, आऱ्यावर घातली तर नुसत्या रीपा निघाल्या. कागद गिरणीला वजन हवं असतं, तिथे दाट लागवड चालते. फळीला घेर लागतो. म्हणून तिसऱ्या वर्षी कमजोर झाडं काढून टाका आणि बाजूच्या फांद्या अंगठ्याएवढ्या असतानाच छाटा. फांदी मोठी झाली की फळीत गाठ राहते, आणि खिळा ठोकताना फळी नेमकी तिथेच फाटते.

आता कागदपत्रं. सगळ्यात जास्त माल इथे अडकतो. साग, आंबा, जांभूळ, खैर ही १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्यातली अनुसूचित झाडं. शेत स्वतःचं असलं तरी तोडायला परवानगी लागते. ओळखीच्या एका शेतकऱ्याचा बांधावरचा साग मी ठरवला, पण झाडांची नोंद सातबाऱ्यावर नव्हती. नोंद, पंचनामा, परवानगी, वाहतूक पास यात उन्हाळा गेला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाची ऑर्डर हातची गेली. चूक आमची होती. झाड लावल्यावर पीक पाहणीत त्याची नोंद करून घ्या, तोडीच्या वर्षाची वाट बघू नका. शेतातला बांबू मात्र २०१७ मध्ये वन कायद्याच्या 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे तो लावणं सोपं झालंय.

तोडलेला माल उन्हात पडू देऊ नका. निलगिरीचे ओंडके टोकांना चिरतात आणि दोन्ही बाजूंनी वीतभर लाकूड वाया जातं. टोकांना रंग किंवा मेण फासा आणि थप्पी सावलीत लावा.

निर्यातीच्या पॅलेटवर एचटी (कीड मारायला लाकूड तापवल्याचा) शिक्का असूनही बुरशी आली, ही तक्रार मी दर पावसाळ्यात ऐकतो. लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश तापमान सलग ३० मिनिटं टिकलं की कीड मरते, पण लाकूड वाळत नाही. आधी वाळवा, मॉइश्चर मीटरने तपासा, मगच गिऱ्हाइकाला द्या.

आणि भाव तोडणीच्या दिवशी ठरवू नका. लावणीच्या वेळीच कागद करा. घेर जमिनीपासून किती उंचीवर मोजायचा, साल धरून की सोलून, तोडणी आणि भराई कुणाकडे, हे सगळं त्यात लिहा. सालीच्या मुद्द्यावरून माझा एका शेतकऱ्याशी वाद झाला आणि त्याने पुढच्या वर्षी तिथे द्राक्षबाग लावली.