बॉल जॉइंट सुटत नाही? घण उचलण्याआधी या चुका टाळा

लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) बदलायला घेतला, चाक उतरवलं, बॉल जॉइंटचा, म्हणजे आर्मच्या टोकाच्या गोळीच्या सांध्याचा, नट काढला आणि आर्म काही नकलमधून (चाक ज्यावर बसतं तो हब धरणाऱ्या भागातून) बाहेर यायला तयार नाही. घरच्या घरी सस्पेन्शनचं काम करणारे बहुतेक वेळा इथेच अडतात. मग स्टडच्या (जॉइंटमधून बाहेर आलेल्या खुंटाच्या) टोकावर हातोडा बसतो, त्याने भागलं नाही की मोठा हातोडा, मग पहार. जॉइंट जिथल्या तिथे राहतो आणि आटे मात्र चेपून जातात. हे काम ताकदीचं कमी, जॉइंटला नेमकं कशाने धरलंय ते ओळखण्याचं जास्त.

जॉइंटची जात न ओळखणं

बॉल जॉइंटचा स्टड दोन प्रकारे बसवलेला असतो आणि दोन्हींची सोडवायची रीत वेगळी.

पहिला प्रकार टेपरचा. स्टड नटाच्या बाजूला निमुळता होत जातो, भोकही तसंच निमुळतं. नट आवळला की स्टड पाचरीसारखा भोकात ओढला जातो. एकदा बसला की त्याला नट धरत नाही, घर्षण धरतं. म्हणून नट काढूनही काही होत नाही. स्टीअरिंगचे टाय रॉड एंड (स्टीअरिंगचा दांडा नकलला जोडणारे सांधे) जवळपास सगळ्या गाड्यांत असेच. इनोव्हा क्रिस्टा, स्कॉर्पिओसारख्या डबल विशबोनच्या (चाकाला वर-खाली दोन आर्म असलेल्या) गाड्यांत सस्पेन्शनचे बॉल जॉइंटही टेपरचेच.

दुसरा प्रकार पिंच बोल्टचा. स्विफ्ट, वॅगन आर, आल्टो अशा मारुतीच्या छोट्या गाड्यांत लोअर आर्मचा स्टड सरळ, दंडगोल असतो आणि नकलच्या चिरलेल्या भोकात जातो. आडवा बोल्ट आवळला की ती चीर मिटते आणि स्टड पकडला जातो. इथे स्टडच्या टोकाला नटच नसतो. म्हणजे टेपरसाठी बनवलेला पुलर (स्क्रूने दाबून स्टड बाहेर ढकलणारं अवजार) घेऊन या जॉइंटशी झटापट करण्यात काही अर्थ नाही.

खाली वाकून एकदा टॉर्च मारली की प्रकार कळतो. टोकावर नट (बहुधा तो फिरू नये म्हणून घातलेल्या स्प्लिट पिनसह) दिसला तर टेपर. बाजूने आडवा बोल्ट आणि नकलमध्ये उभी चीर दिसली तर पिंच.

टेपरच्या स्टडच्या टोकावर ठोकणं

सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. टेपरचं प्रमाण साधारण १:८ ते १:१० असतं. म्हणजे २० मिलिमीटर लांबीत जाडी फक्त २ ते अडीच मिलिमीटरने कमी होते. इतक्या कमी उताराची पाचर आपोआप सुटत नाही. पण याच उताराचा एक फायदाही आहे: स्टड अर्धा मिलिमीटर जरी सरकला, तरी भोकाशी त्याचा संबंध एकदम सुटतो. त्याला रेटून बाहेर काढावं लागत नाही, फक्त एकदा दचकवावं लागतं.

हा धक्का स्टडला नाही, त्याला धरणाऱ्या भोकाला द्यायचा. नकलच्या ज्या जाड गोलाईत स्टड बसलाय, तिच्या एका बाजूला दोन किलोचा हातोडा नुसता टेकवून धरा. बरोबर समोरच्या बाजूला एक-दीड किलोच्या हातोड्याने आडवा, कडक फटका द्या. त्या क्षणी भोक किंचित लंबगोल होतं आणि पकड सुटते. हळू हळू टकटक करून काही होत नाही. चार मोजके, नेम धरलेले फटके पन्नास अर्धवट फटक्यांना भारी पडतात. डोळ्यांवर गॉगल हवाच, गंजाचे तुकडे उडतात.

आवाजाकडे लक्ष द्या. जॉइंट धरलेला असतो तोवर फटका ठण्णकन वाजतो आणि हातात झिणझिण्या येतात. सुटला की आवाज एकदम बसका होतो, आणि रबर बूट (जॉइंटवरचं ग्रीस राखणारं आवरण) व नकल यांच्यामध्ये नखाएवढी चमकती पट्टी दिसते. तीच टेपरची उघडी पडलेली बाजू.

नकल ॲल्युमिनियमची असेल तर मात्र ही युक्ती विसरा. लोहचुंबक लावून बघा. चिकटला नाही तर फक्त पुलर वापरायचा, हातोडा नाही.

नट आधीच पूर्ण काढून टाकणं

पुलर लावताना किंवा फटका मारताना नट स्टडवर असलाच पाहिजे. तीन-चार आटे मागे घ्या, बस. कारणं दोन. जॉइंट सुटतो तेव्हा बंदुकीसारखा आवाज करत सुटतो, आणि आर्म किंवा नकल झटक्याने उसळते. मध्ये बोटं असली तर विचारूच नका. दुसरं, नट असला की आट्यांना आधार मिळतो.

पुलर लावताना नट उलटा करून त्याची सपाट बाजू स्टडच्या टोकाशी समपातळीत आणली तर पुलरचा स्क्रू मधोमध बसतो आणि पहिले आटे पसरत नाहीत. पुलरच्या स्क्रूला आधी ग्रीस लावा. पाना ताठ होईपर्यंत आवळा, मग थांबा. अजून आवळत बसलात तर एकतर पुलरचे जबडे निसटतील किंवा स्वस्तातल्या पुलरचा स्क्रूच वाकेल. पुलरचा ताण तसाच ठेवून नकलवर बाजूने फटका: बहुतेक अडलेले टेपर याच जोडीने सुटतात. नुसता पुलर किंवा नुसता हातोडा, दोन्ही अर्धवट उपाय.

फोर्क कुठेही घालणं

दोन दातांचा, पाचरीच्या आकाराचा फोर्क स्वस्त मिळतो आणि काम झटपट करतो. पण तो बूट फाडतो, दहापैकी नऊ वेळा. जॉइंट फेकूनच द्यायचा असेल तर खुशाल वापरा. पण ड्राइव्ह शाफ्ट (इंजिनची ताकद चाकाला देणारा दांडा) काढण्यासाठी किंवा बेअरिंग बदलण्यासाठी चांगला जॉइंट सोडवायचा असेल तर फोर्क हातात घेऊच नका. बूट फाटला की ग्रीस धुऊन जातं, पाणी-माती आत शिरते, आणि एका पावसाळ्यात चांगला जॉइंट खटखट करू लागतो. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर त्याहून लवकर. म्हणून पाना उचलण्याआधीच ठरवा: हा जॉइंट परत बसवायचाय की टाकायचाय? पुढची सगळी अवजारं त्यावर ठरतात.

नटाबरोबर स्टडही फिरतो, आणि तरी पाना फिरवत राहणं

गंजलेला किंवा नायलॉनचा (आत नायलॉनची कडी असलेला) नट काढताना टेपरची पकड सुटली की स्टड जागेवरच गरागरा फिरतो. जॅकचं टोक बॉल जॉइंटच्या खाली लावून स्टड परत टेपरमध्ये दाबला जाईल इतपतच उचला. गाडी घोडीवरून (ती टेकवलेल्या स्टँडवरून) उठेल इतकं नाही. दाब आला की स्टड धरला जातो आणि नट निघतो. काही स्टडच्या टोकाला ॲलन कीसाठी खाच असते, तीही बघा. एवढ्यानेही जमलं नाही आणि जॉइंट टाकायचाच असेल तर ग्राइंडरने नटाची एक बाजू कापणं सगळ्यात शहाणपणाचं. ठिणग्या ब्रेकच्या होजवर जाणार नाहीत एवढं बघा, ओला फडका गुंडाळा.

स्प्रिंगचा ताण विसरणं

इथे चूक झाली तर हातपाय जायची वेळ येते, म्हणून जरा थांबून वाचा.

मॅकफर्सन स्ट्रटच्या (शॉक ॲब्सॉर्बर आणि स्प्रिंग एकाच नगात असलेल्या) गाड्यांत स्प्रिंग स्ट्रटमध्येच कोंडलेली असते, लोअर आर्मवर तिचा जोर येत नाही. पण स्टॅबिलायझर बारचा (डाव्या-उजव्या बाजूंना जोडणाऱ्या सळईचा) येतो. एकच चाक उचललं तर बार पिळलेला राहतो आणि आर्मला खेचतो; आर्म अडकलाय असं वाटतं, असतो फक्त बारचा पीळ. म्हणून पुढची दोन्ही चाकं उचला, दोन्हीकडे घोडी लावा, हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकांना उटी (अडसर) लावा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नका.

डबल विशबोनमध्ये लोअर आर्मवर कॉइल स्प्रिंग टेकलेली असेल, तर बॉल जॉइंट सुटताच ती सगळ्या जोराने आर्म खाली फेकते. नट पूर्ण काढण्याआधी लोअर आर्मखाली जॅक टेकलेला हवा. मात्र हाच ताण उपयोगीही पडतो: नट तीन-चार आट्यांवर ठेवून जॅक थोडा खाली घेतला की स्प्रिंग स्वतःच पुलरचं काम करते, आणि नकलवर बाजूने दोन फटके पुरतात. सुटल्यावर जॅक परत वर, मगच नट बाहेर.

पिंच बोल्ट नुसता सैल करणं

सरळ स्टडवर एक गोल खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून जातो. बोल्ट सैल केला तरी तो खाचेत अडकून स्टडला धरून ठेवतो. त्यामुळे तो पूर्ण बाहेर काढावाच लागतो. गंजला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, आणि काढताना पाव फेरी मागे, थोडी पुढे, परत मागे असं करा. एका दमात जोर लावला की डोकं तुटतं, आणि मग ड्रिल मारण्यात अख्खा दिवस जातो.

बोल्ट निघाल्यावर चिरेत स्प्रे मारा आणि सपाट छिन्नी हलक्या हाताने ठोकून चीर एक-दोन मिलिमीटर उघडा. घाई करून छिन्नी खोल ठोकली तर नकलचा कान तडकतो, आणि मग नकलच बदलावी लागते. चीर उघडल्यावर लांब पहार आर्मवर टेकवून आर्म खाली दाबा, आणि दाब ठेवूनच नकलला बाजूने फटके द्या. स्टडला थोडं डावी-उजवीकडे फिरवता आलं तर तो आणखी लवकर निघतो.

सुटल्यावरची बेफिकिरी

आर्म निघाला की हब मोकळा होतो आणि बाहेर झुकतो. तो तसाच लोंबू दिला किंवा बाहेर ओढला, तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट त्याच्या कपातून निसटतो. बाहेरून काही कळत नाही. गाडी जोडून पहिल्यांदा पहिला गियर टाकला की कळतं. हब तारेने वर बांधून ठेवा. ब्रेकची होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, तेही बघा.

अडलेला जॉइंट गॅस टॉर्चने तापवून सोडवणं घरी नकोच. बंद जॉइंटमधलं ग्रीस उकळून बूट फुटतो, बाजूच्या बेअरिंगचं ग्रीस आणि एबीएस सेन्सर जातो, आणि जास्त तापलेल्या नकलच्या मजबुतीचा भरवसा राहत नाही.

जोडताना

टेपरला ग्रीस किंवा तेल लावणं चुकीचं. स्टड आणि भोक दोन्ही कोरडे, स्वच्छ हवेत. ग्रीस असेल तर नट ठरलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) आला तरी स्टड प्रमाणापेक्षा खोल ओढला जातो. भोक लंबगोल झालेलं किंवा आत ओरखडे दिसले तर नवीन जॉइंटही टिकणार नाही.

टॉर्क गाडीच्या मॅन्युअलप्रमाणेच. छोट्या गाड्यांच्या टाय रॉड एंडला बहुधा ३५ ते ५० न्यूटन-मीटरच्या आसपास लागतो, सस्पेन्शनच्या बॉल जॉइंटला त्याहून जास्त. कॅसल नटाची (वर खाचा असलेल्या नटाची) खाच स्टडमधल्या स्प्लिट पिनच्या भोकाशी जुळत नसेल तर नट पुढे आवळून जुळवा, मागे घेऊन कधीच नाही. पिन नवीन, नायलॉनचा नटही नवीन.

लोअर आर्मच्या बुशचे (गाडीकडच्या टोकाच्या रबरी सांध्याचे) बोल्ट मात्र चाकं हवेत असताना शेवटचे आवळू नका. गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच ते पूर्ण टाइट करायचे, नाहीतर रबर बुश कायम पिळलेलं राहतं आणि सहा महिन्यांत फाटतं. टाय रॉड एंड काढण्याआधी लॉक नटापासूनचे उघडे आटे मोजून ठेवा, म्हणजे निदान अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत गाडी सरळ जाते. शंभरेक किलोमीटर झाल्यावर सगळे नट एकदा टॉर्क पान्याने तपासा.