चिनी म्हण इंग्रजीत नेताना घोड्याला घोडाच ठेवावा

चिनी म्हणी शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत मोडायच्या या खेळासाठी चिनी भाषा यावी लागत नाही, हे आधीच सांगतो. मलाही येत नाही. बावीस वर्षं बोटीवर चीफ कुक होतो. त्यातली शेवटची सहा एका बल्क कॅरियरवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या बोटीवर गेली, तिथे निम्मी माणसं चिनी होती. त्या सहा वर्षांत चाळीसेक चिनी म्हणी आणि वाक्प्रचार गोळा झाले. आता त्याच भांडवलावर मालवणजवळच्या आमच्या वाडीत, गणपतीत भजन आटोपलं की खळ्यात बसून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लोकांना हसवतो. चाकरमान्यांची पोरं दरवर्षी मुंबईला परतताना म्हणतात, काका, एकदा लिहून द्या. तर हे घ्या.

खेळ असा. चिनी म्हण घ्यायची, तिच्या एकेका अक्षराखाली एकेक इंग्रजी शब्द ठेवायचा आणि काहीही जुळवाजुळव न करता मोठ्याने म्हणायचं. समोरच्याने अर्थ ओळखायचा. बस.

मराठीतच का नाही, असं पोरं विचारतात. करून बघितलं, तितकं रंगत नाही. चिनीत या म्हणींना छंग-यू म्हणतात. बहुतेक चार अक्षरांच्या असतात आणि प्रत्येक अक्षराला स्वतःचा अर्थ असतो. त्याला विभक्ती नाही, लिंग नाही, क्रियापद काळाप्रमाणे चालवायचं नाही. आपला शब्द शेपूट लावल्याशिवाय पुढे सरकत नाही. ‘गाढवापुढे’ म्हटलं की गाढव कुठे उभं आहे ते कळून चुकलं. इंग्रजी शब्द त्या मानाने मोकळा उभा राहतो. त्यामुळे चार चिनी अक्षरांखाली चार इंग्रजी शब्द धडाधड बसतात आणि जुन्या तारेसारखा मजकूर तयार होतो. ‘मदर सीरियस स्टार्ट इमिजिएटली’ वाचून लोक रडायचे. ही तार वाचून हसायचं, एवढाच फरक.

सुरुवात नेहमी ‘मा मा हू हू’ने करा. मा म्हणजे घोडा, हू म्हणजे वाघ. मी नवीनच चढलो होतो तेव्हा चिनी फिटरला विचारलं, डाळ कशी झालीय? तो म्हणाला, मा मा हू हू. मला कळेना, तेव्हा त्याने बापड्याने हातातल्या कापडी मोज्यावर पेनने इंग्रजीत लिहून दाखवलं: हॉर्स हॉर्स टायगर टायगर. मी भांड्यात बघितलं. तूरडाळ, कोकम, हिरवी मिरची. घोडा नव्हता. अर्थ होता ‘ठीकठाक, चाललंय, फार काही नाही’. बावीस वर्षांत माझ्या डाळीला इतक्या सभ्यपणे नाव कोणी ठेवलं नव्हतं.

खळ्यात ही म्हण सांगितली की कोणीतरी विचारणारच. आमच्याकडे दरवर्षी काकी विचारते, “मगे घोडो खंय गेलो?” तेव्हा गोष्ट काढायची. एका चित्रकाराने वाघाचं डोकं काढलं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, म्हणालं घोडा काढ. याने त्याच डोक्याला घोड्याचं धड जोडलं. गिऱ्हाईक न घेता गेलं, चित्र घरात भिंतीवर लागलं. थोरल्या मुलाने विचारलं तर बाप म्हणाला, वाघ आहे. धाकट्याला सांगितलं, घोडा आहे. पुढे थोरल्याने वाघ समजून कुणाचा तरी घोडा मारला, आणि धाकटा घोडा समजून वाघावर बसायला गेला तो परत आलाच नाही. ही लोकांनी मागाहून रचलेली गोष्टही असेल, पण काकीचं समाधान होतं.

दुसरी म्हण ‘रन शान रन हाय’. तिच्यातून इंग्रजीचा एक नियम शिकायचा, म्हणजे विसरायचा. ‘अ’ आणि ‘द’ लावायचे नाहीत. पीपल माउंटन पीपल सी. झालं. माणसं डोंगर, माणसं समुद्र, म्हणजे तुफान गर्दी. हेच कोणी इंग्रजी शाळेतलं पोर नीटनेटकं करून ‘देअर वॉज अ सी ऑफ पीपल’ म्हणालं, की कोणी हसत नाही, कारण ते वर्तमानपत्रात रोज असतं. आणि गंमत बघा, ‘जनसागर लोटला’ हे आपणही रोज वाचतो, आपल्याला कुठे पाणी दिसतं? आंगणेवाडीच्या जत्रेत मी बायकोला फोन करून म्हणालो, पीपल माउंटन पीपल सी. ती म्हणाली, डोंगर कुठला, तुम्ही भरडावर उभे आहात.

आता माझी सगळ्यात लाडकी. ही छंग-यू नव्हे, रोजच्या बोलण्यातली आहे, मूळ कॅन्टनकडची. त्या फिटरचं कंपनीशी काहीतरी बिनसलं होतं. एक दिवस दुपारी तो गॅलीच्या, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाकघराच्या दारात आला, तोंड पाडून म्हणाला, “कुक, कंपनी फ्राय माय स्क्विड.” मला वाटलं, बिचाऱ्याला घरची आठवण येतेय, स्क्विड म्हणजे आपलं माकूल खावंसं वाटतंय. फ्रीझरमधून दोन किलो काढले, वितळवले, साफ केले, रात्री आलं-लसूण आणि लाल मिरची घालून मोठ्या आचेवर परतले. मेसरूममध्ये सगळे चिनी ताटाकडे बघून आधी गप्प झाले आणि मग इतके हसले की थर्ड इंजिनियरच्या नाकातून भात आला. फिटरच्याही डोळ्यांत पाणी होतं, कसलं ते मी विचारलं नाही. ‘छाओ यौ-यू’, म्हणजे माकूल परतणं, म्हणजे नोकरीवरून काढून टाकणं. मी त्याच्या निरोपाला त्याचीच म्हण वाढली होती.

का, ते त्याने दुसऱ्या दिवशी मला गॅलीतच दाखवलं, आणि हे तुम्ही घरच्या तव्यावर करून बघा. माकूल स्वच्छ करून पोट उघडायचं, सपाट पसरायचं. आतल्या बाजूने सुरीने तिरप्या उथळ रेघा मारायच्या, मग उलट्या दिशेने, शंकरपाळ्यासारखी नक्षी होईपर्यंत. आरपार कापायचं नाही. दोन बोटं रुंद तुकडे करायचे. तवा धूर येईतो तापू द्या, चमचाभर तेल, आणि तुकडा टाका. पहिले दोन-तीन श्वास काही होत नाही. मग कडा थरथरते, उचलते, आणि बघता बघता सगळा तुकडा स्वतःला गुंडाळून घेतो. घट्ट वळकटी! पूर्वी तिकडे मजूर कामावर येताना स्वतःचं अंथरूण घेऊन यायचा. मालकाने नको म्हटलं की वळकटी बांधून चालू लागायचा. म्हणून माकूल.

आणि आपण काय म्हणतो? गाशा गुंडाळला. गाशा म्हणजे घोड्याच्या पाठीवर घालायचं जाड कापड. मुक्काम हलला की गुंडाळायचं. मी ते फिटरला समजावलं तर तो म्हणाला, म्हणजे तुमच्याकडेही घोडा आहेच.

यावरून म्हण कशी निवडायची ते कळतं. डोळ्यांसमोर वस्तू उभी राहिली पाहिजे आणि तिचा अर्थाशी संबंध लगेच दिसता कामा नये, पण सांगितल्यावर ‘अरे हो’ झालं पाहिजे. ‘छुई न्यू’ म्हणजे ब्लो काऊ, गाय फुंकणं, अर्थात बढाया मारणं. ‘फाय मा फी’ म्हणजे पॅट हॉर्स बॅकसाइड, घोड्याच्या ढुंगणावर थोपटणं. ही खुशामत. आपण मस्का लावतो, ते थोपटतात. इथे एक अडचण येते. न्यू म्हणजे गाय, बैल, म्हैस, काहीही. ते अक्षर लिंग सांगत नाही. इंग्रजीत काऊ म्हणून सुटता येतं. मराठी डोक्याला ते चालत नाही. ‘दुई न्यू थान छिन’, टू काऊ प्ले झिदर, म्हणजे त्या जनावरासमोर तंतुवाद्य वाजवत बसणं, असं सांगितलं तर काकी म्हणाली, “बैल काय गाय? आधी ता ठरव.” तिचा मुद्दा असा की गाय ऐकते. बैल ऐकत नाही. मी बैल ठरवला. अर्थ सांगायच्या आधीच मागून पेटीवाल्या बुवांनी म्हटलं, ‘गाढवापुढे वाचली गीता’, आणि तो मुद्दा तिथेच मिटला.

‘छ्र त्सू’ही छान जाते. ईट व्हिनेगर. नवरा-बायकोतला, प्रेमातला मत्सर. दुसऱ्याला बढती मिळाली म्हणून पोटात दुखतं, तो हा नव्हे. तिची दंतकथा तांग घराण्यातली सांगतात. बादशहा ताइत्सुंगने आपल्या मंत्र्याला, फांग श्वेनलिंगला, आणखी एक बाई ठेवायला देऊ केली. मंत्र्याची बायको ऐकेना. बादशहाने तिच्यापुढे पेला ठेवला: कबूल कर, नाहीतर हे विष पी. तिने घटाघट प्यायलं. आत शिरका होता. आमच्या खळ्यात ही गोष्ट फार चालते, बायकांत तर जास्तच. आपल्याकडे असती तर पेल्यात कोकमाचं आगळ असतं, आणि ती बाई नंतर म्हणाली असती, मीठ कमी आहे.

काय घेऊ नये, ते थोडक्यात. विहिरीतला बेडूक नको, कूपमंडूक आपल्याकडे आहेच, कोणी हसत नाही. आकड्यांच्या नकोत. चिनीत मूर्ख माणसाला ‘अडीचशे’ म्हणतात, पण टू हंड्रेड फिफ्टी म्हणून बघा, लोक कशाची किंमत विचारतात. आपला छत्तीसचा आकडाही असाच परदेशात जात नाही. ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करतात ते देवनागरीत. फिटरला ते मला कागदावर काढून दाखवावं लागलं.

आणि पाट्यांचा विनोद या खेळात मिसळू नका. तो वेगळा. चीनमधल्या ओल्या फरशीवरच्या पाटीवर ‘स्लिप केअरफुली’, जपून घसरा, असं लिहिलेलं फोटोत खूप जणांनी पाहिलं असेल. मूळ चिनीत ‘जपा, जमीन निसरडी आहे’ असं असतं. पण त्यातलं जमिनीचं अक्षर क्रियाविशेषण करायलाही वापरतात, तेव्हा शब्द चुकीच्या जागी तोडला की ‘जपून घसरा’ होतं. मी स्वतः निंगबोला एका दुकानात सुक्या सुंगटांच्या खणावर इंग्रजीत अशी शिवी वाचली की ती आमच्या बोसनने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमानेही कधी दिली नव्हती. कारण लिपी सोपी करताना ‘सुकं’ आणि ‘करणं’ यांची जुनी वेगवेगळी अक्षरं एका अक्षरात आली, आणि ‘करणं’ याचा तिकडच्या बोलीत एक चावट अर्थ आहे. भाषांतर करणाऱ्या यंत्राने नेमका तोच उचलला. २०१७ पासून त्यांनी सार्वजनिक पाट्यांच्या इंग्रजीसाठी राष्ट्रीय मानकही लागू केलं. पण ही चूक झाली. आपल्या खेळात चूक नसते. शब्द अगदी बरोबर लावलेला असतो, तरी घोडा निघतो.

हा फरक मी जरा ठासून सांगतो, त्याला कारण आहे. माझ्या खानावळीच्या पाटीवर पेंटरने सोलकढीचं इंग्रजीत ‘सोल करी’ केलं, आत्म्याचं कालवण. पुण्याचे पाहुणे रोज फोटो काढतात आणि मग आत येऊन माझ्याशी सावकाश, सोप्या हिंदीत बोलतात. म्हणून आमच्या खळ्यात नियम आहे: एक त्यांची, एक आपली. चिनी म्हण सांगणाऱ्याने लगेच मराठीही तशीच मोडून दाखवायची. डान्स नॉट कमिंग, कोर्टयार्ड क्रुकेड. होम बिकेम लिटल, इन-लॉ सेंट हॉर्स. बोटीवर सगळ्यात गाजली ती ‘कानामागून आली आणि तिखट झाली’: बिहाइंड इयर केम, स्पायसी बिकेम. आमच्यानंतर चढलेला एक पोरगा वर्षभरात बोसन झाला, तेव्हा अख्खा चिनी गट त्याला स्पायसी इयर म्हणायला लागला. तो अजून त्याच नावाने मेसेज पाठवतो.

शेवटचं पथ्य. अर्थ एका वाक्यात सांगा आणि पुढची म्हण घ्या. आमच्याकडे एक निवृत्त गुरुजी येतात, ते प्रत्येक म्हणीवर दहा मिनिटं निरूपण करतात. त्यांच्यासाठी मी ‘ह्वा श थ्येन त्सू’ राखून ठेवतो. ड्रॉ स्नेक ॲड फीट. जुन्या चीनमधल्या चू राज्यात काही जणांना मिळून एकच पेला दारू मिळाली. ठरलं, मातीत साप आधी काढील त्याची दारू. एकाचा साप पहिला झाला. बाकीचे अजून काढताहेत हे बघून त्याने एका हातात पेला धरला आणि दुसऱ्या हाताने सापाला पाय काढायला लागला. तेवढ्यात दुसऱ्याचा साप झाला, त्याने पेला हिसकावला, म्हणाला, सापाला पाय नसतात, हा साप नव्हेच. हे ऐकून गुरुजींनी सापाच्या जातींवर सुरुवात केली, आणि काकी चहा टाकायला उठली.

पोरांना सगळ्यात आधी पाठ होते ती ‘जिया यौ’, ॲड ऑइल. ‘चला, जोर लावा’ म्हणायला. हाँगकाँगकडून इंग्रजीत शिरली आणि २०१८ साली ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशातही गेली, म्हणजे आता ती मोडकी राहिलेली नाही. गेल्या सीझनला रापणीचा दोर ओढताना वाडीतली सगळी पोरं एका सुरात ओरडत होती, ॲड ऑइल, ॲड ऑइल. वर होडीत उभा असलेला आमचा म्हातारा तांडेल दोर सोडून इंजिनाकडे वळला, झाकण उघडून बोट बुडवून बघितलं आणि तिथूनच ओरडला, “कालच घातलंय मां रे!”