आतड्यातल्या मँटल सेल लिम्फोमाचं निदान: तुकड्यापासून ब्लॉकपर्यंत

मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालेल्या शंभरात एखाद्यालाही लिम्फोमा, म्हणजे लिम्फ पेशींचा कॅन्सर, निघत नाही. त्यातला मँटल सेल प्रकार आणखी विरळा. बहुतेक रुग्ण साठीपुढचे पुरुष. कोलोनोस्कोपीत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीत, भिंतीवर ज्वारीच्या दाण्यापासून शेंगदाण्याएवढे असंख्य फोड दिसतात, म्हणून पुष्कळदा 'पॉलिप' (आतड्यातला साधा कोंब) असा शेरा पडतो. उजव्या बाजूला गाठ असली की टीबीची शंका येते. ती शंका रास्तच. पण तपासणीसाठी काढलेल्या तुकड्याचा (बायोप्सीचा) रिपोर्ट हाती येण्याआधी अंदाजाने टीबीची औषधं सुरू करू नयेत, आणि स्टेरॉइड तर नकोच. स्टेरॉइडने लिम्फोमाच्या पेशी मरतात, गाठ आक्रसते आणि तुकड्यात ओळखण्याजोगं काही उरत नाही.

कोलोनोस्कोपीच्या तीन दिवस आधी शेंगाचटणी आणि बियांच्या भाज्या बंद. दाण्याचा कूट भिंतीला चिकटला की बारीक फोड त्याखाली झाकले जातात. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवाव्यात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. पोट साफ करायचं औषध अर्धं आदल्या रात्री, अर्धं पहाटे.

खरी चूक तुकडे घेताना होते. चिमट्यात येणारा तुकडा दोन-तीन मिलिमीटरचा, वरवरचा. रोग बऱ्याचदा त्याखालच्या थरात असतो. म्हणून आठ-दहा तुकडे घ्यावेत, काही ठिकाणी त्याच जागी दुसऱ्यांदा खोल चावा घ्यावा, आणि शक्य असेल तिथे एखादा फोड तारेच्या फासाने अख्खा काढावा. निरोगी दिसणाऱ्या भिंतीतूनही दोन तुकडे हवेत, कारण या प्रकारात तिथेही पेशी सापडतात. तुकडा चिमट्यात चिरडू नये. चेंगरलेल्या लिम्फ पेशींच्या नुसत्या रेघा दिसतात.

बाटलीत १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिन (तुकडा टिकवणारं द्रावण), तुकड्याच्या किमान दहापट. एक तुकडा मात्र सलाइनमध्ये, टीबीचे जंतू शोधणाऱ्या जीनएक्स्पर्ट तपासणीसाठी. तो त्याच दिवशी लॅबला पोचवावा. बाकीचे सलाइनमध्ये रात्रभर ठेवले, तेही सोलापूरच्या मे महिन्यात, तर सकाळी ते कुजलेले निघतात.

फॉर्मवर 'लिम्फोमाची शंका' हे शब्द हवेतच. ते नसले की साध्या रंगावर 'जुनाट सूज' लिहून रिपोर्ट येतो. शंका असेल तर त्याच ब्लॉकवर (तुकडा मेणात बसवून केलेली वडी) आयएचसी मागावी, म्हणजे पेशींमधली ठरावीक प्रथिनं रंगवून ओळखणारी तपासणी: सीडी२०, सीडी३, सीडी५, सीडी१०, सीडी२३, सायक्लिन डी१, केआय-६७. मँटल सेलमध्ये सहसा सीडी२०, सीडी५ आणि सायक्लिन डी१ पॉझिटिव्ह. सीडी१० आणि सीडी२३ निगेटिव्ह. सायक्लिन डी१ निगेटिव्ह आलं तरी चित्र तसंच वाटत असेल, तर सॉक्स११ हेही प्रथिन तपासावं. केआय-६७ (किती टक्के पेशी वाढत आहेत याचं माप) तीस टक्क्यांवर गेलं तर आजार जास्त आक्रमक समजावा.

निदान पक्कं झालं की एलडीएच (रक्तातलं एक एन्झाइम), एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, पेट-सीटी (अंगभर रोग शोधणारं स्कॅन) आणि बोन मॅरो (हाडातला मगज) या तपासण्या. हिपॅटायटिस बी टाळू नये; रिटुक्सिमॅब या लिम्फोमावरच्या औषधाने दबलेला विषाणू पुन्हा उठू शकतो.

बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलला किंवा मुंबईला टाटामध्ये दुसरं मत घ्यायचं असेल, तर नुसता रिपोर्ट चालत नाही. लॅबमधून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक दोन्ही मागून घ्यावेत. ब्लॉक उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये, मेण मऊ पडतं. तो हातातल्या पिशवीतच न्यावा.